सिमेंटच्या रानातली गाणी

बँकॉकच्या जवळपास प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी नारिंगी जाकिटं घातलेली माणसं मोटारसायकली लावून बसलेली असतात. गल्लीला इथे ‘सोय’ म्हणतात. आत राहणाऱ्यांना हमरस्त्यापर्यंत किंवा स्कायट्रेनच्या स्टेशनपर्यंत सोडणं हे यांचं काम. गिऱ्हाईक नसलं की एकाच्या फोनवर तिघं-चौघं वाकलेली दिसतात. फोनवर बहुतेकदा गाण्याचा व्हिडिओ चालू असतो: भाताचं शेत, बसचा थांबा, शहरात कामाला गेलेली मुलगी, आणि शब्दाशब्दावर आवाजाला मुरड घालणारा गायक. हे लूक थुंग, थायलंडचं गावाकडचं गाणं. बाहेरून येऊन इथे स्थायिक झालेला माणूस थाई भाषा शिकतो ती दुकानात आणि ऑफिसात. पण या शहराच्या इमारती बांधणाऱ्या, टॅक्सी चालवणाऱ्या, स्वयंपाकघरं सांभाळणाऱ्या माणसांच्या मनातलं ऐकायचं असेल, तर त्याला या व्हिडिओंकडेच वळावं लागतं.

लूक थुंग हे नाव १९६४ साली टेलिव्हिजनवरच्या एका कार्यक्रमामुळे रूढ झालं. गाणी त्याआधीची. सुफान बुरी प्रांतातला, हवाई दलातून गाण्याकडे आलेला सुरापोन सोंबत्चारोएन हा या गाण्याचा राजा. ऑगस्ट १९६८ मध्ये नाखोन पाथोमला कार्यक्रम संपवून गाडीत बसलेला असताना त्याला गोळ्या घालण्यात आल्या. वय अवघं ३७. दोनच वर्षांनी, १९७० मध्ये ‘मोनराक लूक थुंग’ हा सिनेमा आला आणि बँकॉकमध्ये सहा महिने चालला. गावाकडचं गाणं राजधानीच्या थिएटरात मानाने बसलं ते तेव्हा.

पण आजही नुसतं नाव काढलं तरी लोकांचे डोळे भरून येतात ती गायिका पुंपुआंग दुआंगचान. घरात बारा भावंडं, आईवडील उसाच्या फडात मजुरी करणारे, शाळा दुसरीतच सुटलेली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी ती ऐकून पाठ करायची, आणि एकदा पाठ झालं की त्या गाण्यावर तिचा शिक्का उमटायचा. ऐंशीच्या दशकात तिने लूक थुंगला सिंथेसायझरचा ठेका दिला, झगमगते पोशाख दिले, शहरी पोरांनाही नाचवलं. राजकन्या सिरिंधोर्न यांनी ‘सोम ताम’ या कच्च्या पपईच्या तिखट सॅलडवर लिहिलेलं गाणं तिने गायलं. १९९२ च्या जूनमध्ये ल्युपसच्या आजाराने ती गेली, तेव्हा ती पुरती एकतीस वर्षांचीही नव्हती. सुफान बुरीच्या वाट थाप क्रादान या मंदिरात तिचे पुतळे आहेत. लोक तिथे पोशाख वाहतात, पावडर-लाली ठेवतात आणि लॉटरीचा आकडा मागतात. ज्या बाईची कमाई तिच्या हयातीत दुसऱ्यांनीच लुटली असं लोक हळहळून सांगतात, तिच्याकडे गरिबाने नशीब मागावं यात तिच्याविषयीचं खरं प्रेम आहे.

पुंपुआंग मध्य थायलंडची. आज मोबाइलवर वाजणारं गाणं मात्र बव्हंशी इसानचं असतं. इसान म्हणजे देशाचा ईशान्य भाग. देशाची जवळपास एक तृतीयांश वस्ती तिथली, जमीन कोरडवाहू, बोली लाओ. बँकॉकचे टॅक्सीवाले, बांधकामावरचे मजूर, कारखान्यातल्या मुली मोठ्या संख्येने तिथूनच येतात. तिथली मूळ गानपरंपरा मोलाम. बांबूच्या नळ्यांचं खेन हे वाद्य आणि त्याच्या साथीने झरझर म्हटलेलं पद्य हा तिचा गाभा. १८६५ मध्ये राजा मोंगकुट यांनी खेनच्या या लाओ खेळांवर बंदी घातली होती. लोकांना ते फार आवडू लागले होते आणि सयामी खेळ मागे पडत होते, ही राजाची तक्रार. राजाज्ञेने गाणं थांबत नाही, हे इसानने दाखवून दिलं.

मोलामच्या मोठ्या मंडळ्या आपल्याकडच्या तमाशाच्या फडासारख्या गावोगाव फिरतात. उदोन थानीची ‘सियांग इसान’, खोन कैनची ‘राबियाप वाथासिन’ ही त्यातली गाजलेली नावं. एकेका मंडळीत शेकडो माणसं असतात: गायक, वादक, विनोदवीर, सुतार, ड्रायव्हर, आणि डोक्यावर पिसांचे तुरे मिरवणाऱ्या नर्तकांची फौज. देवळाच्या आवारात किंवा कापणी झालेल्या शेतात रात्री सुरू झालेला खेळ उजाडेपर्यंत चालतो. आवडत्या गायकाच्या गळ्यात नोटा टाचलेला हार घालायला म्हाताऱ्या बायका रंगमंचापर्यंत जातात. गायक गुडघ्यांवर बसून, हात जोडून तो हार घेतो.

या रात्री शहरातल्या मजुरापर्यंत पोचवल्या त्या व्हीसीडीने. नव्वदच्या दशकाअखेरपासून बाजारात, बसस्टँडवर या तबकड्यांचे ढीग लागलेले असत. अख्खा मोलाम तबकड्यांच्या संचात मिळे. सुट्या गाण्यांचे कराओके व्हिडिओ वेगळे: खाली ओळी येत, गाणं पुढे सरके तसा अक्षरांचा रंग बदले. लांब पल्ल्याच्या बसमध्ये, खानावळीत, मजुरांच्या खोलीत ते अखंड चालू असत. चित्रण साधं, बजेट तुटपुंजं. पण गायिका ताय ओरातायच्या ‘सिमेंटच्या रानातलं गवतफूल’ अशा अर्थाच्या गाण्यातली, गाव सोडून कामासाठी राजधानीत आलेली मुलगी पाहताना कारखान्यातल्या मुलींना आपलीच गोष्ट कोणीतरी नीट मांडल्यासारखी वाटली. हे गाणं लिहिणारे साला खुनावुत मुळात इसानमधले प्राथमिक शिक्षक. माइक पिरोमपोनपासून सिरीपोन अंपायपोंगपर्यंत कितीतरी आवाजांना त्यांनी शब्द पुरवले आणि २०२१ मध्ये ते राष्ट्रीय कलाकार ठरले. कष्टकऱ्याच्या लाजऱ्या प्रेमाला इतक्या आदराने वागवणारे गीतकार कुठल्याही भाषेत थोडेच असतील.

मग यूट्यूब आलं. बुरीरामच्या यिंगली सीचुम्पोनचं २०१२ मधलं, मोबाइल नंबराच्या बदल्यात मन मागणारं गाणं १० कोटींहून अधिक वेळा पाहिलं गेलं. ते मोठ्या कंपनीचं होतं. खरा बदल त्यानंतरचा. साकोन नाखोनचा काँग हुआयराय ठेट लाओ बोलीत गायला आणि त्याची गाणी देशभर पसरली. ‘नाकी’ या मालिकेसाठी त्याने गायलेलं गाणं तर ही बोली न बोलणाऱ्यांच्याही तोंडी बसलं. चिंतरा पूनलाप ही जुनीजाणती गायिका. २०१८ मध्ये तिच्या ‘ताओ न्गोय’ या गाण्याने साकोन नाखोन प्रांतातल्या त्या नावाच्या आडवळणी तालुक्यात गाड्यांची रीघ लावली, आणि तिथल्या कासवाच्या मूर्तीसमोर लोक नाचून नवस फेडू लागले.

ज्या बोलीला शहरात वर्षानुवर्षं हसलं गेलं, जी मालिकांमध्ये मोलकरणीच्या आणि विदूषकाच्या तोंडी दिली गेली, तिच्यात आता प्रेमाचं गंभीर गाणं होतं आणि बँकॉकची कॉलेजची मुलं ते शब्द शिकून घेतात. बोलीचा मान परत मिळवून देण्याचं काम या व्हिडिओंनी कोणत्याही सरकारी योजनेपेक्षा जास्त केलं आहे.

याला विरोधही झाला. रोई एतच्या लाम्याय हायथोंगखामचा झपाट्याने कंबर हलवणारा नाच २०१७ मध्ये इतका गाजला, की खुद्द पंतप्रधान प्रयुत चान-ओचा यांनी त्यावर जाहीर नापसंती दाखवली. त्या नाचात सवंगपणा शोधणं सोपं आहे. पण मोलामच्या रंगमंचावर चावटपणा पूर्वापार चालत आला आहे, आणि देवळाच्या आवारात आजीपासून नातवापर्यंत सगळे एकत्र बसून तो पाहत आले आहेत. गरीब घरातल्या मुलीने पोट भरण्यासाठी केलेल्या नाचावर सरकारच्या प्रमुखाने बोट ठेवावं, हे तिच्यावर अन्याय करणारंच होतं.

२०२० मध्ये कोरोनाने खेळ बंद पडले. शेकडो माणसांची चूल एकदम थंडावली. तेव्हा काही मंडळ्यांनी समोर प्रेक्षक नसताना रंगमंच लावले आणि फेसबुकवरून थेट प्रक्षेपण सुरू केलं. हाराच्या नोटा बँकेच्या खात्यात येऊ लागल्या. तैवान, दक्षिण कोरिया, इस्रायल इथे शेतांवर आणि कारखान्यांत राबणारे इसानचे हजारो लोक आहेत. घरापासून इतक्या दूर असूनही त्यांना खेळ पाहता येऊ लागला. आता मैदानं पुन्हा भरतात. ऑक्टोबरात बौद्ध वर्षावास संपला, की मंडळ्या आपापल्या पानांवर गावं आणि तारखा जाहीर करतात.