नऊ हजार फुटांवरचे बिऱ्हाड

माझा धाकटा मुलगा अमेरिकेत डेनव्हर शहरी नोकरीला आहे. २०२३ साली बाजरी काढणीला आली असताना रान थोरल्याच्या गळ्यात घालून मी दोन महिने धाकट्याकडे जाऊन आले. परत आल्यावर जो तो विचारतो, काय काय पाहिलंत? मी म्हणते, तीन रात्री डोंगरात चाकाच्या घरात काढल्या. ऐकणारे हसतात. म्हणून जरा नीट लिहिते.

तिकडे चाकांवरची घरे भाड्याने मिळतात. आपण ट्रॅक्टरमागे ट्रॉली जोडतो, तसे मोठ्या मोटारीमागे घर जोडायचे आणि निघायचे. आत दोन पलंग, ओटा, गॅस, मोरी, संडास, फ्रीजसुद्धा. फ्रीज गॅसवर चालतो. ज्योत पेटवून गारवा कसा होतो हे मुलाने दोनदा समजावून सांगितले, पण मला काही ते पटले नाही. आमच्या माणदेशातले मेंढके दिवाळीनंतर घोड्यावर बिऱ्हाड लादून निघतात, त्यांची आठवण झाली. फरक एवढाच की मेंढके पोटासाठी जातात आणि ही माणसे पैसे भरून जातात!

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. तिकडच्या डोंगरात हा हंगाम संपायचा काळ. नळ थंडीने फुटू नयेत म्हणून उतरण्याच्या तळांवरचे पाणी बंद करतात आणि गर्दी ओसरते. लेडव्हिल नावाचे खाणींचे जुने गाव दहा हजार फुटांवर आहे. ते ओलांडून थोडे खाली ट्विन लेक्स म्हणून दोन तळी आहेत, तिथल्या सरकारी जंगलात आम्ही घर उभे केले. ना वीज, ना नळ, ना शेजार. समोर माउंट एल्बर्ट, रॉकी पर्वतातले सर्वांत उंच शिखर, चौदा हजार चारशे फुटांवर. आपले कळसूबाई पाच हजार चारशे. उताराने अस्पेनची झाडे हळदीसारखी पिवळी झालेली. ही झाडे बियांपेक्षा मुळांवरच्या फुटव्यांनीच जास्त वाढतात, केळीच्या मुनव्यासारखी. त्यामुळे एका मुळावरची सगळी झाडे एकदम पिवळी होतात आणि शेजारचा झुबका अजून हिरवाच असतो. संध्याकाळी एल्क नावाचा सांबराएवढा, किंबहुना मोठाच प्राणी शीळ घातल्यासारखा ओरडायचा. नात घाबरून माझ्या कुशीत यायची.

पाणी मात्र मोजून. टाकीत दीडशे लिटर, माणसे चार, रात्री तीन. मुलगा मला सांगू लागला, "आई, भांडी अशी विसळायची, हात धुताना नळ मध्येच बंद करायचा." मला हसू फुटले. १९७२च्या दुष्काळात मी सोळा वर्षांची होते. दिवसभर खडी फोडायची आणि रात्री विहिरीच्या तळाशी वाटीवाटीने पाणी भरायचे. त्या साली रेशनवर तांबडी मिलो मिळायची, ती याच अमेरिकेतून आलेली. मी म्हटले, "बाबा, मला दुसरे काहीही शिकव, पाणी जपायला शिकवू नकोस." सूनबाई मुंबईची. तीही हसली आणि त्या दिवसापासून मोरी माझ्या ताब्यात आली.

पहिल्या रात्री डाळ काही केल्या शिजेना. एवढ्या उंचीवर पाणी एक्याण्णव अंशांनाच उकळते. बुडबुडे येतात, पण आच पोचत नाही. दुसऱ्या दिवशी लेडव्हिलमध्ये जाऊन शोधाशोध करून कुकर आणला, तेव्हा वरण मिळाले.

आता त्या दुसऱ्या रात्रीचे सांगते. घरातला हीटर गॅसवर जळतो, पण त्याचा पंखा फिरतो बॅटरीवर. बॅटरी भरते छपरावरच्या सौर पाटीने. ऑक्टोबरचे ऊन तिरपे, दिवस आखूड आणि त्या दिवशी दुपारपासून ढग. त्यात थंडीने बॅटरीचा जोर कमी होतो, हे थंडीच्या दिवसांत पहाटे ट्रॅक्टर चालू करणाऱ्याला सांगायला नको. रात्री दोनच्या सुमारास पंखा कण्हत कण्हत थांबला. दिवाही लागेना. बाहेर पारा शून्याच्या खाली सहा-सात अंश. थोड्या वेळात पत्र्याला हात लावला तर बर्फ. नातीला आधीच सर्दी झालेली, तिचे दात वाजू लागले.

मी उठले. ओट्यावर गॅस होताच. मनात म्हटले, दोन्ही शेगड्या पेटवून ठेवू, घर उबदार होईल. खिडक्या घट्ट लावल्या आणि काडी ओढली. तोच मुलगा अंधारातून ओरडला, "आई, बंद कर! बंद कर आधी!" आणि त्याने माझ्या हातून बटण हिसकून फिरवले. सूनबाईच्या देखत. पस्तीस वर्षांत त्याने माझ्यावर असा आवाज चढवला नव्हता. मी काही बोलले नाही. नातीला माझ्या गोधडीत घेतले आणि भिंतीकडे तोंड केले. ही गोधडी मी गावाहून नेली होती. "इतकं ओझं कशाला, आई?" असे सूनबाई म्हणाली होती. आता तिनेही तिचे एक टोक ओढून घेतले.

मुलाने मोटार चालू केली, जाड वायरी लावून तिच्यावरून बॅटरीला वीज दिली. तासाभराने पंखा फिरला. मग तो माझ्या पायाशी येऊन बसला. म्हणाला, "आई, हीटरचा धूर नळीने बाहेर जातो. शेगडीचा आतच राहतो. बंद जागेत जाळ अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो. भिंतीवर त्याची सूचना देणारं यंत्र आहे, पण तेही याच बॅटरीवर. बॅटरी उतरली तेव्हा तो राखणदारही झोपला होता."

मी विचारले, "आणि कोळशाच्या निखाऱ्याचं?"

"त्याचं तर जास्तच."

त्यानंतर मला झोप लागली नाही. मला मुलगी असताना आठवत असलेली आमच्या गल्लीतली एक बाळंतीण डोळ्यांपुढे आली. पौषाची थंडी होती. बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवून सासूने खिडकीला पोते लावले, दाराला कडी घातली. सकाळी आई आणि लेकरू दोघेही उठले नाहीत. अंगावर खूण नाही, काही नाही. गाव म्हणाले, बाहेरचे झाले. आम्ही पोरी वर्षभर तिन्हीसांजेला त्या घरावरून जात नव्हतो. तिची सासू तर त्या दिवसापासून कोणाशी धड बोललीच नाही. निखारे तिनेच फुलवून दिले होते.

सकाळी बाहेर सगळे पांढरे आणि पंपाची नळी गोठलेली. सूनबाई म्हणाली, आता चहाचे काय? भरलेले पातेले उशाशी असल्याशिवाय मला झोप येत नाही, ही सवय माहेरची. ते पातेले ओट्याखाली झाकून ठेवलेले होते. त्यावर चहा झाला, नातीचे दूधही तापले. चहा घेताना मुलगा म्हणाला, "रात्री जोरात बोललो." मी म्हटले, "बरं झालं बोललास," आणि ती गोष्ट तिथेच संपली.

घर परत करण्याआधी संडासाची टाकी गावातल्या ठरलेल्या जागी रिकामी करावी लागते. माझ्या इंजिनिअर मुलाने हातमोजे घालून ते काम केले, तेव्हा मला जरा मौज वाटली, पण ते असो.

पुढच्या हिवाळ्यात आमच्या शेजारची सून बाळंत झाली. शेक-शेगडी झालीच पाहिजे, त्याला माझी ना नाही. पण शेक झाला की निखारे अंगणात आणि खिडकीची एक फळी रात्रभर उघडी, हे मी रोज तिन्हीसांजेला जाऊन बघत होते. तिची सासू म्हणाली, "अमेरिकेला जाऊन आल्यापासून ही फार शहाणी झाली बाई." म्हणेना का. चाळीस दिवस मी त्या घरी जात होते.