कोटाच्या खिशातील सुटे पैसे

थंडीचा कोट ही आम्हां मराठी माणसांना दिल्लीने दिलेली वस्तू आहे. मुंबईस राहिलो असतो, तर एका स्वेटरवर जन्म गेला असता. येथे मात्र होळी झाली की लोकरीचे कपडे डांबराच्या गोळ्यांसह ट्रंकेत जावयाचे आणि दिवाळी उलटली की बाहेर यावयाचे. मधल्या सात-आठ महिन्यांत त्यांच्या खिशांत काय राहून गेले आहे, याची कोणाला आठवण नसते. म्हणून कोट उन्हात टाकताना चार नाणी खळकन् फरशीवर पडली, की आम्हांस महागाईभत्ता वाढल्यापेक्षा अधिक आनंद होतो. भत्त्याचा हिशेब आधीच झालेला असतो. या पैशांचा कोणीच केलेला नसतो.

अशा पैशांच्या जागा ठरलेल्या असतात. देवघराचा खण, शिवणाच्या यंत्राचा ड्रॉवर, सोफ्याच्या गादीची फट, आणि बदलीच्या वेळी कपाट सरकविले म्हणजे त्यामागची धूळ. एकदा तर आमच्या डब्यातून मदर डेअरीच्या दुधाच्या यंत्रात टाकावयाचे टोकन निघाले आणि कितीतरी वेळ आम्ही ते नाणेच समजून निरखीत होतो. या सुट्या पैशांना दिल्लीकर 'खुल्ले' म्हणतात, जुन्या शहरात 'रेजगारी' म्हणतात. आमच्याकडे 'मोड' हा मोठा सुंदर शब्द आहे. 'चिल्लर'ही आहे, पण तो आपण क्षुद्र माणसालाही लावतो, आणि हे काही आम्हांस पटत नाही. का पटत नाही, ते सांगतो.

८ नोव्हेंबर २०१६, मंगळवार. रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी पाचशेच्या आणि हजारच्या नोटा मध्यरात्रीपासून चालणार नाहीत असे सांगितले. चलनातल्या एकूण रकमेपैकी सुमारे ८६ टक्के रक्कम या दोन नोटांत होती. दुसऱ्या दिवशी बँका बंद, यंत्रे त्याहून एक दिवस अधिक बंद. आमच्या वसाहतीत सहसचिवापासून शिपायापर्यंत सर्वांच्या घरी पैसा होता आणि कोणाच्याही घरी पैसे नव्हते! पुढे बँकेतून मिळाली ती दोन हजारांची कोरी गुलाबी नोट. तिची मोड देणारा मनुष्य त्या आठवड्यात दिल्लीत आम्हांस तरी भेटला नाही.

थंडी नुकती पडू लागली होती. सौभाग्यवतींनी ट्रंक उघडली आणि सर्व कोटांचे खिसे उलटे केले. मग खण झाले, ड्रॉवर झाले, मुलाचा मातीचा गल्ला फुटला. वर्तमानपत्रावर ढीग घातला, तो मोजता मोजता तीनशे बारा रुपये भरला. त्या ढिगावर आमचे नऊ दिवस गेले. तेवढ्या दिवसांत नाणे किती वजनदार असते, हे बोटांना कळले.

पण खरी किंमत कळली ती हातगाडीवाल्या भाजीवाल्याकडून. पहिले तीन दिवस त्याने आम्हांस उधारीवर भाजी दिली. "बाबूजी, हिसाब बाद में," असे म्हणून सरकारी नोकरांच्या घरी हा बिचारा उधारी मांडीत होता, आणि त्याला स्वतःला मात्र पहाटे आझादपूरच्या मंडईत कोणी उधार देत नव्हते. चौथ्या दिवशी आम्ही ओंजळभर नाणी त्याच्यापुढे केली, तेव्हा तो उधारीच्या रकमेकडे पाहीना. नाण्यांकडेच पाहत राहिला. त्या नाण्यांतून त्याला आणखी दहा गिऱ्हाइकांना मोड देता येणार होती, म्हणजे दहा घरी भाजी विकता येणार होती. आमच्या खिशात आठ महिने निजलेल्या पैशाला हे काम होते!

ढिगातली काही नाणी मात्र त्यानेही परत दिली. चौकोनी पाच पैसे, कातरलेल्या कडांचे दहा पैसे, दोन पावल्या. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. सोळा आणे गेले, पण पावलीचे पंचवीस पैसे नेमके बसले म्हणून तिचे नाव टिकले. ३० जून २०११ पासून तीही कायद्याने बाद झाली. पन्नास पैशांचे, म्हणजे आठ आण्यांचे, नाणे अद्याप कायदेशीर आहे. दहा रुपयांपर्यंतचे देणे त्यात फेडता येते. पण कायदा भाजीवाल्याला कोण सांगणार? आणि सांगितला, तरी ते नाणे पुढे त्याच्याकडून कोण घेणार?

तेव्हापासून दर वर्षी कोट काढले की आम्ही खिसे रिकामे करतो. आता मुले फोनवरूनच पैसे देतात, त्यामुळे नाणी कमी निघतात. निघतील ती चष्मा लावून पाहण्याचा आम्हांस नाद लागला आहे. सालाखाली टिंब असेल तर नाणे नोएडाच्या टांकसाळीतले, येथून यमुनेपलीकडचे. चांदणी असेल तर हैदराबादचे. आणि बारीक हिरा असेल तर मुंबईचे, फोर्टातले. हिरा दिसला की उगीचच बरे वाटते. कोणत्या प्रवासात, कोणाच्या हातून ते इतक्या दूर आले असेल? तसे आम्हीही आलोच की! १९९९ सालचे शिवछत्रपतींचे दोन रुपयांचे नाणे एकदा सापडले, ते देवघरात ठेवले आहे.

गेल्या हिवाळ्यात हिऱ्याची सात नाणी निघाली. तीही निराळी ठेवावी असे आमच्या मनात होते. पण खाली हातगाडीची हाळी ऐकू आली आणि सौभाग्यवतींनी हिरा, टिंब, चांदणी सगळे एकत्र पदरात गोळा केले. वर आल्या त्या मेथीच्या दोन जुड्या आणि पावशेर आले घेऊन.