अथेन्सचे झाड आणि अथेन्सचे गाणे

अथेन्स म्हटले की डोळ्यांपुढे ग्रीस उभा राहतो. मी सांगणार आहे ते अथेन्स अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातले, अटलांटाच्या पूर्वेस सुमारे ११० किलोमीटरांवर वसलेले विद्यापीठाचे गाव. आमचे चिरंजीव तेथे संशोधन करतात. त्यांच्या आग्रहावरून इंदूरच्या घराला कुलूप लावून आम्ही उभयता दोन महिने तेथे राहून आलो.

गाव शांत, गर्द झाडीचे आणि काहीसे विक्षिप्त. नगरभवनाजवळ १८६२ सालची दुनळी तोफ आहे. साखळीने जोडलेले दोन गोळे एकाच वेळी सुटावेत, ही तिची कल्पना. चाचणीतच ती फसली; तरी गावाने तोफ कौतुकाने जपली आहे. फिनली आणि डिअरिंग या रस्त्यांच्या कोपऱ्यावर एक ओक वृक्ष आहे. जुन्या मालकाने मायेपोटी तेथील झाड आणि भोवतालची आठ फूट जमीन त्या झाडाच्याच नावे करून दिली, असे सांगतात. ते झाड १९४२ मध्ये कोसळले. त्याच्याच बीपासून वाढविलेले रोप १९४६ मध्ये तेथे लावले गेले. कायदा काहीही म्हणो, गाव झाडाचा हक्क मानते.

एका संध्याकाळी मुलाने पिवळ्याधमक वेष्टनातली तबकडी लावली. ‘‘बाबा, हेही याच गावचं,’’ तो म्हणाला.

१९७६ मध्ये येथील पाच मित्रमैत्रिणींनी ‘बी-फिफ्टी-टूज’ हा बँड काढला. बी-५२ विमानाच्या नाकाडासारखी उंच केशरचना तिकडे त्याच नावाने ओळखली जाई. बँडने तेच नाव घेतले. पहिला कार्यक्रम १४ फेब्रुवारी १९७७ रोजी एका घरगुती मेजवानीत झाला. १९७८ मध्ये अटलांटाच्या डीबी रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीने त्यांचे ‘रॉक लॉब्स्टर’ काढले आणि १९७९ मध्ये, बहामाज बेटांवरील नासाऊ येथे मुद्रित झालेली ही पहिली मोठी तबकडी आली.

प्रथम मला तो पोरखेळ वाटला. फ्रेड श्नायडर गात नाही, दवंडी पिटल्यासारखे बोलतो. केट पियर्सन आणि सिंडी विल्सन मध्येच किंचाळतात. खेळण्यातला पियानोदेखील आहे! पण पुन्हा ऐकताना एक गोष्ट ध्यानी आली. बास गिटार वाजवणारा त्यांच्यात नव्हता. तो खर्ज केट कळफलकावर सांभाळी. सिंडीचा भाऊ रिकी गिटारीच्या सहांपैकी एकदोन तारा काढूनच टाकी आणि उरलेल्या आपल्या मनाप्रमाणे लावी. जे नव्हते, त्यातूनच त्यांची चाल घडली होती.

मला आमचे देवास आठवले. १९४८ मध्ये क्षयाने जर्जर झालेले कुमार गंधर्व तेथे आले. एक फुफ्फुस निकामी झाले, आणि पुढे त्या तुटपुंज्या श्वासातूनच त्यांनी लहान, धारदार स्वरवाक्यांचे गाणे उभे केले. मी दर्जाची तुलना करीत नाही. उणिवेशी वागण्याची रीत तेवढी सारखी वाटली.

रिकी १९८५ मध्ये गेला. आता सारे संपले, असे वाटत असता ढोल वाजवणाऱ्या कीथ स्ट्रिकलँडने गिटार हाती घेतली, आणि १९८९ मध्ये ‘कॉस्मिक थिंग’ या तबकडीने बँडला पूर्वी कधी न लाभलेले यश दिले.

हे ऐकताना मी गप्प झालो. मुलगा सोळा वर्षांचा असताना त्याने गिटार मागितली होती. ‘‘आधी सात सूर नीट लाव,’’ असे मी सुनावले होते. त्याने पुन्हा तिचे नाव काढले नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री मी भीतभीतच तो विषय काढला. त्याने कपाटावरची लांबट पेटी खाली घेतली. आत गिटार होती; तीन वर्षांपूर्वीच घेतलेली. आम्हांला त्याने कधी कळविले नव्हते.

‘‘वाजव,’’ मी म्हणालो.

सूर पुरते जुळलेले नव्हते. मी काही बोललो नाही, ऐकत बसलो.