आत्याची बीएसए

आमच्या कोल्हापूरच्या घरी एक बीएसए आहे असं सांगितलं की लोकांना सायकलच आठवते. त्यांचंही चूक नाही, आपल्याकडे बीएसए म्हणजे सायकल हेच डोक्यात बसलंय. पण बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ साली तिथल्या बंदूक बनवणाऱ्या कारागिरांनी एकत्र येऊन काढलेली कंपनी. म्हणून तर तिच्या चिन्हात तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या असतात. सायकली आणि मोटरसायकली नंतर आल्या.

आमची गाडी एम२०. एक सिलिंडर, ४९६ सीसी, ताकद म्हणाल तर जेमतेम १३ हॉर्सपॉवर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करासाठी या मॉडेलच्या सव्वा लाखाच्या आसपास गाड्या बनल्या. १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्री बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्यावर जर्मन बॉम्ब पडले आणि रात्रपाळीचे ५३ कामगार गेले, तरी कारखाना चालू राहिला. आमच्या इंजिनावरचा नंबर 'डब्ल्यूएम२०' असा सुरू होतो, म्हणजे हीसुद्धा लष्करातच नोकरीला होती. युद्ध संपल्यावर डिस्पोजलमध्ये निघाली आणि १९५१ साली आप्पांनी (म्हणजे माझ्या आजोबांनी) ती घेतली. आप्पांचा गुळाचा व्यापार होता. हंगामात गुऱ्हाळं फिरायला त्यांना अशीच दणकट गाडी हवी होती.

१९८३ पर्यंत ती चालली. मग एके दिवशी सोप्यात कोपऱ्याला लागली आणि तिच्यावर पोती, जुने पंखे, गणपतीचं मखर असं एकेक चढत गेलं. आप्पा १९९१ साली गेले. त्यानंतर तिला कुणी हात लावला नाही.

तर झालं असं की २०२३ च्या उन्हाळ्यात घर बिल्डरला द्यायचं ठरलं. बाबा, दोन काका आणि आत्या असे चार वारस. सगळे सोप्यात बसले, चहा झाला, आणि मग आपल्याकडे होतं तेच झालं. आत्याच्या पुढ्यात हक्कसोडपत्राचा मसुदा ठेवला. म्हणजे बहिणीने सही करायची की घरातला माझा वाटा मी भावांना स्वखुशीने सोडते. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांना त्या 'स्वखुशी'बद्दल वेगळं सांगायला नको. मृत्युपत्र नसेल तर बापाच्या स्वकमाईच्या घरात मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. पण कायदा तिकडे आणि सोपा इकडे.

आत्याने मसुदा चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. घडी करून पर्समध्ये ठेवला. म्हणाली, "घराचं बघू नंतर. गाडी मात्र माझी."

सगळे गप्प. बाबा म्हणाले, "ताई, तू काय करणार गाडी घेऊन या वयात?"

"तुम्ही काय केलंसा चाळीस वर्षं?"

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. धाकट्या काकांनी मात्र सांगितलं की पुण्याचा एक गिऱ्हाईक त्यांच्या ओळखीचा आहे, तो आहे तशी गाडी न्यायला तयार आहे आणि चालू असेल तर दुप्पट द्यायलाही. शेवटी एवढंच ठरलं की आधी गाडी चालू करायची, मग पुढचं. काकांना ती विकायला चालू हवी होती आणि आत्याला ठेवायला. काम आलं माझ्याकडे, कारण पाना धरता येणारा पुतण्या मी एकटाच.

पाना म्हणालो खरा, पण पहिला अडथळा तोच. आपल्याकडचे मिलिमीटरचे पाने या गाडीला लागत नाहीत. एक सैल बसतो, त्याखालचा शिरतच नाही. जुन्या ब्रिटिश गाड्यांचं माप व्हिटवर्थचं. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने १८४१ साली स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण सुचवलं, त्यात आट्याचा कोन ५५ अंश, आणि आपल्या मेट्रिकमध्ये ६०. त्यामुळे दिसायला सारखा बोल्ट दोन आटे फिरतो आणि अडकतो. जोर केलात तर दोन्हीकडचे आटे जातात. गंमत म्हणजे पान्यावर लिहिलेला आकडा पान्याच्या तोंडाचा नसतोच, बोल्टच्या जाडीचा असतो. पाव इंचाचा पाना हातात घेतला तर त्याचं तोंड अर्ध्या इंचाहून मोठं! सुदैवाने आप्पांच्या पान्यांची खाकी गुंडाळी आत्याकडे होती. गेली कित्येक वर्षं तिने ती शिलाई मशीनच्या खणात ठेवली होती. का, ते तेव्हा मी विचारलं नाही.

इंजिन जाम होतं. एम२० साइड व्हॉल्व्हची असल्यामुळे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी उभे असतात आणि हेड म्हणजे नुसतं झाकण. कुकरचं झाकण काढावं तसं ते काढलं. आत पिस्टन गंजून सिलिंडरला चिकटला होता. त्यावर डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं निम्मं ओतलं आणि वाट बघितली. रोज संध्याकाळी गिअर टाकून मागचं चाक थोडं पुढे, थोडं मागे. इथे घाईत हातोडा मारणारे पुष्कळ असतात आणि त्यांचे पिस्टन फुटतात. नवव्या दिवशी 'कट्' असा बारीक आवाज आला आणि पिस्टन केसभर सरकला.

सिलिंडर उद्यमनगरात नेला. कोल्हापूरकरांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो, की लोखंडाची कुठलीही वस्तू दाखवा, उद्यमनगरात ती बनवून देणारा कुणीतरी सापडतोच. तिथल्या मिस्त्रींनी सिलिंडरमधून बोट फिरवलं आणि मोजायच्या आधीच सांगितलं, "बोअर करायची गरज नाही. होनिंग करू, रिंगा नव्या टाक." मग मोजलं, तर बोट बरोबर निघालं. किक शाफ्टचा बुशही त्यांनीच लेथवर काढून दिला. पैसे द्यायला गेलो तर म्हणाले, चालू झाली की आवाज ऐकवायला आण, मग बघू.

खरी परीक्षा घेतली ती मॅग्नेटोने. या गाडीला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. लोहचुंबकाच्या मध्ये तारेचं वेटोळं इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतं, नेमक्या क्षणी पॉइंट उघडतात आणि हजारो व्होल्टचा झटका प्लगकडे जातो. पॉइंटमधली फट असते इंचाच्या हजार भागांपैकी जेमतेम बारा भाग. आणि त्या वेटोळ्यावरचं इन्सुलेशन कशाचं? लाखेचं! आपल्या पळस-कुसुंबाच्या झाडांवर किडे जी लाख करतात, तीच. बर्मिंगहॅमच्या गाडीच्या पोटात लाख, आणि ऐंशी वर्षांच्या उष्णतेने ती वितळून, ओघळून काळी पडलेली.

ते वेटोळं मी एका परगावच्या वर्कशॉपला पाठवलं. दीड महिन्याने ते नवं होऊन आलं, बिलही चांगलंच होतं. ठिणगी निळी, जाड. गाडी पुन्हा जोडली. अमल कार्ब्युरेटरचा जेट तांब्याच्या एका केसाएवढ्या तारेने साफ केला. पेट्रोलच्या नळाला या गाड्यांमध्ये बुचाचा सील असतो, तो वाळून आकसला होता, उकळत्या पाण्यात टाकल्यावर फुगून पुन्हा बसला. ऑइल टाकी वेगळी असते आणि गाडी उभी राहिली की ऑइल पंपातून हळूहळू इंजिनात उतरतं. म्हणून खालचा बोल्ट काढून ते आधी मोकळं केलं आणि टाकीत साधं ५० ग्रेडचं ऑइल भरलं.

मग आत्याला फोन केला. ती रिक्षा करून आली. साडीचा पदर खोचला आणि गाडीच्या बाजूला जाऊन उभी राहिली, जणू तिथे तिची जागा ठरलेलीच होती.

"आधी पेट्रोल सोड. आता हे बटण दाब... सर, मी दाबते." कार्ब्युरेटरवर टिकलर नावाचं एक छोटं बटण असतं, ते दाबलं की फ्लोट खाली जातो आणि पेट्रोल वर येऊन गळायला लागतं. "आप्पा म्हणायचे, आधी तिला गुदगुल्या करायच्या. हे काम माझं. रोज शाळेत बोटाला पेट्रोलचा वास." तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची असेल. पुढचं सगळं ती धडाधड सांगत गेली. हवा बंद. ठिणगीची लेव्हर उशिरावर, नाहीतर किक उलटी बसून घोटा मोडतो. व्हॉल्व्ह लिफ्टर ओढून पिस्टन हलकेच वरच्या टोकाच्या पुढे न्यायचा, लिफ्टर सोडायचा, आणि मग अर्धवट नाही, पूर्ण पाय खाली जाईपर्यंत एकच लांब किक.

तिसऱ्या किकला गाडी चालू झाली. आवाज सांगता येणार नाही. बुलेटपेक्षा संथ, आणि प्रत्येक ठोका वेगळा मोजता येईल असा. वरच्या मजल्यावरून बाबा खाली आले आणि दारातच उभे राहिले. काकांनी लगेच मोबाइल काढून व्हिडिओ घेतला.

अकराव्या मिनिटाला ती बंद पडली. नंतर किका मारून पाय दुखले तरी चालू होईना. अर्ध्या तासाने थंड झाल्यावर पुन्हा पहिल्या किकला चालू. आणि पुन्हा दहा-बारा मिनिटांत बंद.

काका म्हणाले, "व्हिडिओ आलाय ना? बास की. पुढचं घेणारा बघेल." दोन्ही काका हे वाचतात म्हणून जपून लिहितोय, पण त्यांचं बोलणं व्यवहाराला धरूनच होतं. जुन्या गाडीच्या बाजारात असंच चालतं. आत्या मात्र म्हणाली, "आप्पांची गाडी राधानगरीपर्यंत न थांबता जायची. दहा मिनिटं चालते ती चालू नव्हे."

मॅग्नेटो पुन्हा उतरवला. बायकोचा हेअर ड्रायर घेऊन त्यावर दहा मिनिटं गरम हवा सोडली आणि हाताने फिरवला. ठिणगी गायब. गार झाल्यावर हजर. म्हणजे दोष कंडेन्सरचा. पॉइंट उघडताना तिथे जाळ होऊ नये म्हणून हा छोटा भाग असतो आणि तो त्या फिरणाऱ्या वेटोळ्याच्या आतच बसवलेला असतो. त्या वर्कशॉपने तार नवी घातली होती आणि कंडेन्सर युद्धाच्या काळातलाच ठेवला होता. उद्यमनगरच्या मिस्त्रींनी एका म्हाताऱ्या मोटर वाइंडरचं नाव सुचवलं. त्यांनी तीन दिवसांत नवा कंडेन्सर आत बसवून दिला आणि माझ्यासमोर गरम करून ठिणगी दाखवली. त्या रविवारी मी राधानगरी रस्त्याने जाऊन आलो. वाटेत एकदाही थांबलो नाही. येताना मिस्त्रींना आवाज ऐकवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि पैसे शेवटपर्यंत घेतलेच नाहीत.

आता कागदांचं. मालक वारला की गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, आणि बाकीच्या वारसांची संमती. शिवाय २०२१ पासून पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी विंटेजचा नियम आला आहे. त्यात नोंदलेली गाडी रोज वापरता येत नाही, पण प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते आणि जुना नंबर ठेवता येतो. बाबांनी संमतीवर पहिली सही केली. थोरल्या काकांनी दुसरी. धाकट्या काकांनी आठ दिवस घेतले, पण केली. सही करताना त्यांनी आत्याला विचारलं, "आणि घराचं?"

आत्या म्हणाली, "गाडीचे कागद येऊ देत. आता मला कागद वाचायची सवय लागलीय."

गाडी आत्याच्या नावावर झाली. हक्कसोडपत्र अजून तिच्या पर्समध्येच आहे, आणि तो विषय घरात कुणी काढलेला नाही. बाबा परवा जेवताना एवढंच म्हणाले की बिल्डरच्या करारात चार नावं आली तर काही बिघडत नाही. मी पुढे काही विचारलं नाही. पण एक डोक्यातून जात नाही. आत्याने गाडी मागितली तेव्हा आम्ही सगळे दचकलो. घर सोडून दे असं तिला म्हणताना मात्र कुणीच दचकलं नव्हतं, मीही त्याच सोप्यात बसलो होतो.

असो. दर दुसऱ्या रविवारी आत्याकडे जाऊन गाडी चालू करतो. टिकलर तीच दाबते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते ओलावा धरतं आणि जुन्या रबराला, बुचाला खातं. म्हणून परत ठेवताना नळ बंद करून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं. गेल्या वेळी आत्याने विचारलं, मागच्या सीटवर बसायला हेल्मेट कुठलं चांगलं. कुणाला माहीत असेल तर कळवा.