गव्हाभर पुढे, तांदळाभर मागे

ऊन तापू लागलं की कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या कडेला कधीकधी हिरवी साय धरते. फिरायला आलेली माणसं नाकाला रुमाल लावतात, दोन शिव्या हासडतात आणि भेळेच्या गाड्याकडे वळतात. राग रास्तच आहे. सांडपाणी आलं नसतं तर एवढी साय माजली नसती. पण मला तो राग फार वेळ धरून ठेवता येत नाही. ही साय बहुतेक वेळा सायनोबॅक्टेरियाची असते. शेवाळ म्हणून आपण त्यांना हिणवतो, पण ते निळे-हिरवे जिवाणू आहेत, आणि आपला प्रत्येक श्वास त्यांच्या पूर्वजांनी टाकून दिलेल्या वायूवर चालतो.

पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. त्यातली जवळजवळ निम्मी वर्षं हवेत मोकळा प्राणवायू नव्हताच म्हणायला हरकत नाही. या जिवाणूंनी उन्हाच्या जोरावर पाणी फोडलं, त्यातला हायड्रोजन कामाला घेतला आणि प्राणवायू बाहेर टाकला. तेव्हाच्या बहुतेक जीवांना तो विषासारखा होता. त्यांतले काही मेले असतील, काही चिखलात, खोल पाण्यात दडले. त्यांचे वंशज आजही तिथेच आहेत.

मात्र प्राणवायू सोडला आणि हवेत साठला, असं झालं नाही. रंकाळ्याच्या नंदीची दंतकथा कोल्हापुरात सगळ्यांना ठाऊक आहे: तो गव्हाभर पुढे सरकतो आणि तांदळाभर मागे येतो. प्राणवायूचा हिशेब हुबेहूब तसाच. हिरवा जीव तो सोडतो. मेला की कुजताना जवळजवळ तेवढाच परत खाल्ला जातो. एखादा जीव न कुजता गाळाखाली गाडला गेला, तरच त्याच्या वाट्याचा प्राणवायू उरतो. गहू आणि तांदूळ यांच्यातला तो इवलासा फरक. त्यातही ज्वालामुखींचे वायू आणि समुद्रात विरघळलेलं लोखंड हात पसरून उभेच होते. एवढ्यांची भूक भागवून २४० कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास प्राणवायू हवेत टिकू लागला.

त्या लोखंडाचं पुढे काय झालं? ते गंजून तळाशी बसलं. लोखंडाचा एक थर, गारेचा एक थर, अशा पट्ट्यापट्ट्यांचे खडक तयार झाले. (सगळंच प्राणवायूने गंजवलं असं नाही, प्राणवायू न सोडता लोखंड गंजवणारे जिवाणूही होते.) आपला काळा पाषाण जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा, या हिशेबात कालचं पोर. पण घाट उतरून गोव्यात गेलं की ते पट्टेरी खडक भेटतात. तिथलं खनिज त्यांच्यातलंच. त्या खनिजाचं बीड गोव्यातून कोल्हापूरच्या फाउंड्रींत येत आलं आहे. शिरोलीच्या शेडमध्ये साच्यात ओतल्या जाणाऱ्या लाल रसाचं मूळ असं एका समुद्राच्या तळाशी आहे. हे बीड बनवताना झोतभट्टीत कोक काय करतो? खनिजाला चिकटलेला तो पुरातन प्राणवायू सोडवतो आणि कार्बन डायऑक्साइड करून धुराड्यातून घालवतो. कोक बनतो दगडी कोळशापासून, आणि दगडी कोळसा म्हणजे गाडला गेलेला हिरवा जीव. नंदीचं मागे सरकणं इथे पाहायला मिळतं.

उसाची गोष्ट याहून मजेची. पानातली हरितलवकं म्हणजे कधीकाळी दुसऱ्या पेशीने गिळलेल्या सायनोबॅक्टेरियाचे वंशज. त्यांतलं रुबिस्को हे विकर प्राणवायू नसलेल्या काळातलं. त्यामुळे ते आजही गडबडतं आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी प्राणवायू पकडून बसतं. उसाने यावर तोड काढली: कार्बन डायऑक्साइड आधी गोळा करून विकराभोवती दाटवायचा. ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये ही वाट उलगडली, तीही उसाच्याच पानांत. आपल्या गुळाच्या ढेपेमागे एवढा जुना घोळ आहे.

आता गाडलेला कोळसा जाळून माणसाने तांदळाची बाजू जड केली आहे. शास्त्रज्ञ राल्फ कीलिंग १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हवेतला प्राणवायू मोजत आले आहेत; तो दर वर्षी दहा लाख भागांत साधारण चार भागांनी घटतो. शिल्लक दोन लाख नऊ हजारांच्या घरात आहे, तेव्हा श्वासाची काळजी नको. काळजी दुसऱ्या रकान्याची. कारखानदारीच्या आधी कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत २८० भाग होता, आज तो ४२० च्या वर आहे.