सध्या काय वाचताय?

रविवारी गाणं ऐकायला जमलो, की चहाच्या वेळी हा प्रश्न हल्ली निघतोच. मी सध्या वामनराव देशपांड्यांचं ‘घरंदाज गायकी’ पुन्हा वाचतेय. पहिली आवृत्ती १९६१ची. वामनराव पेशाने चार्टर्ड अकाउंटंट, शिष्य जयपूर घराण्याच्या गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे. घराण्यांची मांडणी ते स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये करतात: किराणा स्वराकडे, आग्रा लयीकडे, जयपूर मधोमध. जयपूरची तालीम घेतलेल्या माणसाने तोल जयपूरलाच द्यावा, हे मला जरा खटकतं.

आज हे बोलून दाखवलं तर एक काका एकदम उसळले. “अहो, मग आग्र्याच्या फैयाझ खाँसाहेबांची नोमतोम कुठे बसवायची?” आणि लगेच मोबाईलवर खाँसाहेबांचा तो नोमतोमचा आलाप लावला. तो भरदार आवाज एकेका सुरावर असा ठाण मांडून राहतो, की लयीचं टोक आठवतही नाही. पुस्तक तरीही मला फार मोलाचं वाटतं. कुठल्या घराण्यात नेमकं काय ऐकायचं, हे त्यानेच मला शिकवलं. काका ते घरी घेऊन गेलेत. समासात पेन्सिलीने लिहू का, असं विचारत होते. म्हटलं, जरूर लिहा.