कुडाळची लढाई आणि तळटीप

१/ १६६४ च्या अखेरीस कुडाळच्या परिसरात शिवाजी महाराज आणि आदिलशाही सरदार खवासखान यांच्यात संघर्ष झाला. आपल्याच गावच्या या घटनेवर प्रबंध लिहू पाहणाऱ्या कुडाळच्या विद्यार्थ्यापुढे आधी एक किरकोळ वाटणारा प्रश्न येतो: संदर्भ कोणत्या पद्धतीने द्यावेत?

२/ सामाजिक शास्त्रांत रूढ असलेल्या एपीए पद्धतीत लेखकाचे आडनाव आणि प्रकाशनवर्ष कंसात देतात. इतिहासकार बहुधा शिकागो पद्धतीच्या तळटिपा पसंत करतात. या आवडीमागे सबळ कारण आहे.

३/ पोर्तुगीज दप्तरांतील मराठ्यांचा इतिहास पां. स. पिसुर्लेकर यांनी १९६७ साली मराठीत ग्रंथरूपाने दिला. त्यातील कागदापुढे केवळ ‘(पिसुर्लेकर, १९६७)’ असे लिहिले, की सतराव्या शतकातील साक्षीदार विसाव्या शतकात जाऊन बसतो. पत्र कोणी, कोणास, केव्हा लिहिले, हे वाचकास उमगत नाही.

४/ त्यात तारखांचा पेच. गोव्याचे पोर्तुगीज ग्रेगरियन कालगणना पाळत, इंग्रज १७५२ पर्यंत ज्युलियन. सतराव्या शतकात दोहोंत १० दिवसांचे अंतर होते. पोर्तुगीजांचा २० नोव्हेंबर हा कारवारच्या इंग्रज वखारीत १० नोव्हेंबर असे. शिवाय इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला बदले. त्यांच्या पत्रातील ‘जानेवारी १६६४’ म्हणजे आपला १६६५ असू शकतो. मराठी कागदांत शक वा शुहूर सन, फारसीत हिजरी. एवढे सारे कंसात मावायचे कसे?

५/ मराठी संशोधकांनी यावर आपली वाट फार पूर्वीच काढली. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यांनी कागदांना क्रमांक दिले. तेव्हापासून ‘राजवाडे, खंड, लेखांक’ हा संदर्भ रूढ झाला. आवृत्ती बदलली की पृष्ठांक सरकतो. लेखांक सहसा जागा सोडत नाही.

६/ म्हणून तळटिपेत लिहिणारा, ज्यास लिहिले तो, मूळ तारीख, तिची कालगणना, रूपांतरित तारीख, ग्रंथ आणि लेखांक या क्रमाने नोंद करावी. विद्यापीठाने एपीएच सक्तीची केली असल्यास पत्राचा कर्ता आणि तारीख मजकुरातच सांगावी.

७/ गावच्या लढाईचा अभिमान प्रत्येकास असतो. पण परक्या वाचकाने शंका घेतली, तर त्याला मूळ कागदापर्यंत नेऊन सोडणारी वाट तळटिपेतूनच जाते.